आधी माझी झडती

पोलिसांची गाडी चिंचमळच्या पाराजवळ थांबली आणि हवालदारानं खाली उतरून "दोन पंच पाहिजेत" असं म्हटलं, की पारावरची माणसं कशी विरघळतात ते एकदा डोळ्यांनी बघावं. एकाला म्हैस धुवायची राहिलेली आठवते, दुसऱ्याच्या उसाला पाणी चालू असतं, तिसरा तर चपला तिथंच टाकून सटकतो. पंच व्हायचं म्हणजे पोलीस कुणाच्या घराची झडती घेत असताना शेजारी उभं राहायचं, जे दिसेल ते लक्षात ठेवायचं, पंचनाम्यावर सही ठोकायची आणि पुढं कोर्टानं बोलावलं की हेलपाटे घालायचे. वर ज्याच्या घरची झडती त्याच्याशी जन्माचं वैर. सांगितलाय कुणी हा उद्योग? आणि बाई पंच पाहिजे म्हटलं की मग बोलायलाच नको. भराभर दारं लागतात आणि आतून कड्या वाजतात.

सुगराबी मणेर मात्र कधी पळाली नाही. पळायचं म्हटलं तरी डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती पळणार कशी, असं गावातली टवाळ माणसं म्हणत. पण खरं कारण ते नव्हतं.

सुगराबीनं साठी कधीच ओलांडलेली. अंगानं काटक, नाकात चमकी, पदर कायम डोक्यावर. पलूसच्या बाजारपेठेत तिच्या मुलाचं, इमामचं, बांगड्यांचं दुकान आहे. काचेचं कपाट, आरसा, पंखा, सगळं आहे. पण म्हातारीला दुकानात बसवत नाही. ती अजून चिंचमळ आणि आजूबाजूच्या वस्त्या पायी फिरते. दारात "बांगड्याऽऽ" अशी हाक आली की लेकी-सुना हातातलं काम टाकून पुढं येतात. कुणाचं मनगट हाडकुळं, कुणाचा पंजा रुंद, कुणाच्या हातावर भाकरीचा चटका आहे, हे तिला नावापेक्षा आधी आठवतं.

तिच्या धंद्याच्या दोन रीती होत्या. त्या सासूनं घालून दिलेल्या, आणि तिनं कधी मोडल्या नाहीत. पहिली अशी, की हातात चढवताना बांगडी पिचली तर ती बांगडीवालीची. गिऱ्हाइकानं हात हलवला असो, मूल रडलं असो, कारण काहीही असो. मनगटावर नीट बसली की तुमची, तोवर माझी. दुसरी रीत अशी, की बांगड्या भरायला आपण लोकांच्या माजघरात जाऊन बसतो, तेव्हा निघताना पाटी उंबऱ्यावर उघडी करून घरच्या बाईला दाखवायची. "बघ गं बया, तुज्या घरातलं काय माज्या पाटीत आलं न्हाई न्हवं?" बायका हसत, "जावा मावशी, तुमची काय झडती घ्यायची!" म्हणत. पण सुगराबी दाखवल्याशिवाय पाय उचलत नसे.

या दुसऱ्या रीतीमुळंच ती पंच म्हणून गाजली. पहिल्यांदा तिला बोलावलं ते कुठल्याशा चोरीच्या तपासात. घरात बाया होत्या म्हणून बाई पंच हवी होती, आणि रस्त्यावर ती एकटीच उरली होती. पोलीस घरात शिरायला लागले तशी ही उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"आवं सायेब, आधी तुमी खिसं दाखवा की. मी जाताना पाटी दाखवते. तुमी येताना दाखवा."

गावाला वाटलं, आता ही मार खाते. पण तो हवालदार जुना माणूस होता. तो हसला, म्हणाला, "मावशी, रीत आहेच ती. पोलिसांनी आधी पंचांना आपली अंगझडती द्यायची आणि मग आत जायचं. पण मागतंय कोण?" आणि त्यानं स्वतःचे खिसे उलटे करून दाखवले. तेव्हापासून चिंचमळमध्ये सुगराबी पंच असली की खाकी पँटचे खिसे बाहेर लोंबलेले बघायला पोरं गोळा होत. गंमत म्हणजे पोलिसांनाही ते आवडायला लागलं. ज्या पंचनाम्यावर सुगराबीची सही, त्यावर कोर्टात वकिलाला बोट ठेवायला जागा मिळत नसे.

आता गावाची दुसरी बाजू सांगतो. चिंचमळच्या फाट्यावर एसटीची शेड आहे. शेडशेजारी भाऊसोची अंडाभुर्जीची गाडी. दिवेलागण झाली की शेडमध्ये प्रवासी कमी आणि प्यायला बसणारे जास्त. भाऊसो भुर्जी द्यायचा, पाणी द्यायचा, ग्लास द्यायचा, आणि ओळखीचं गिऱ्हाईक असलं तर गाडीखालून देशी दारूची चपटीही द्यायचा. शेवटच्या एसटीनं कॉलेजच्या मुली उतरत. त्या शेड टाळून कालव्याच्या कडेकडेनं, चिखलातून घरी येत. शिट्ट्या, गाणी, नको ते बोलणं. गावाला सगळं ठाऊक होतं आणि गावानं सगळं गिळलं होतं. याचा मला अजून राग येतो.

एका संध्याकाळी सुगराबी हंबीररावांच्या ओसरीवर बसून त्यांच्या सुनेला, संयोगिताला, बांगड्या भरत होती. तेवढ्यात समोरून एक पोरगी लंगडत गेली. शेडपाशी फुटलेल्या बाटलीवर तिचा पाय पडला होता. संयोगितानं भरला हात तसाच उचलला, फोन घेतला आणि पोलिसांचा नंबर फिरवला. नाव विचारलं तर नाव सांगितलं, पत्ता सांगितला. तिचा नवरा लष्करात, सीमेवर. घरात ती आणि सासरे.

"आगं," सुगराबी हळूच म्हणाली, "तुजा सासरा कुटं हाय ह्या टायमाला?"

"तितंच असतील, मावशी."

"मग गं?"

"मग काय? दुसऱ्याच्या घरचा असता तर केलाच असता न्हवं फोन?"

सुगराबीनं तिचा हात परत आपल्या हातात घेतला. या पोरीच्या मनगटात जोर आहे, हे तिला तेव्हा कळलं.

हंबीरराव म्हणजे लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेला गडी. मिशा पिळदार, आवाज परेडचा. कॅन्टीनची रम त्यांना कार्डावर मिळायची आणि तिचा त्यांना फार अभिमान. देशीला ते नाव घेऊन शिवी देत. रात्रीचा एक पेग घरी घेतला असता तर कुणाची तक्रार नव्हती. पण कौतुक करायला चार माणसं लागतात, म्हणून ते बाटली घेऊन शेडमध्ये जात. पोलीस आले तेव्हा बाकीचे उसात पळाले. हंबीरराव सावधान उभे राहिले.

"पळायला मी काय चोर हाय? रम सरकारची, मला सरकारनं दिलीया. ही शेडबी सरकारची. सरकारच्या शेडात सरकारची रम प्यायला बंदी कशी वं?"

फौजदार मॅडम नव्यानं बदलून आलेल्या, वयानं तरुण, पण आवाज न चढवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आबा, घरात बसून घ्या, माझं काही म्हणणं नाही. ही सार्वजनिक जागा आहे. इथं बाटली कॅन्टीनची असो नाहीतर कुठलीही, उघड्यावर प्यायची नाही. चला, दवाखान्यात तपासणी करायची आहे."

हंबीरराव गाडीत बसले ते छाती काढून. पण तक्रार सुनेनंच केली होती हे कळलं, आणि त्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. एका घरात राहून बोलायचं नाही म्हणजे पंचाईतच. मग ते म्हशीशी बोलू लागले. "काय गं, आज च्या मिळंल का न्हाई?" असं गोठ्यात मोठ्यानं विचारायचे, आणि संयोगिता ओसरीवर चहा आणून ठेवायची. म्हैस बिचारी रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायची.

शेड मात्र मोकळी झाली. पोलिसांची गाडी संध्याकाळी फेरी मारू लागली, मुली सरळ रस्त्यानं येऊ लागल्या. गावातल्या बाया संयोगिताला हात करून जाऊ लागल्या. आणि भाऊसोच्या गाडीचा धंदा बसला.

मग एका सकाळी पोलीस आले ते हंबीररावांच्या दारात. कुणीतरी नाव न सांगता कळवलं होतं, की संयोगिता सासऱ्याच्या कार्डावरची रम आणि वर देशीही घरातून विकते. तक्रार आली म्हणजे बघणं भाग. मॅडमनी सुगराबीला बोलावणं धाडलं. दुसरा पंच म्हणून दारातच उभा असलेला धुळा पुढं आला. धुळा म्हणजे गावातला पडेल ते काम करणारा माणूस. कुणाचं गवत काप, कुणाची मोट बांध, कुठं मांडव घाल. अंगावर हंबीररावांनीच कधीकाळी दिलेलं मिलिटरीचं जाड जर्किन. पंच व्हायला आपण होऊन पुढं येणारा माणूस चिंचमळमध्ये पहिल्यांदाच दिसत होता. सुगराबीच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला पाहिजे होती. पण धुळाच्या आईला डोहाळजेवणात हिनंच हिरवा चुडा भरलेला. डोळ्यांदेखत वाढलेलं पोर. त्याचा काय संशय घ्यायचा?

सुगराबीनं पाटी उंबऱ्याबाहेर ठेवली. मॅडमचे खिसे बघितले, बाई शिपायाचे बघितले, हवालदाराचे बघितले. धुळा शेजारी उभा होता. त्याला ती म्हणाली, "चल रं आत." झालं.

झडती नीट चालली होती. बाई शिपायानं संयोगिताची अंगझडती आडोशाला, अदबीनं घेतली. हवालदार मोबाईलवर चित्रीकरण करत होता. पेटी उघडली, कपाट उघडलं, रमच्या बाटल्या निघाल्या. हंबीररावांचं कार्ड तपासलं. सगळं ठरवून दिलेल्या मापात होतं. मॅडमनी बाटल्या परत जागेवर ठेवायला लावल्या. संयोगिताच्या चेहऱ्यावर जरा रंग परतला.

"आता गोठा," मॅडम म्हणाल्या.

"म्हस मारकी हाय, मी धरतो," असं म्हणत धुळा आधीच आत गेला होता. त्या वेळी सुगराबीच्या कानावर काचेचा बारीक आवाज आला. किणकिण. जन्मभर तो आवाज कानात घेऊन फिरलेली बाई. तिला वाटलं, आपलीच पाटी असेल. ती तशीच पुढं गेली.

गव्हाणीत, वैरणीखाली, देशीच्या तीन चपट्या निघाल्या.

बाई शिपायानं त्या उचलून बाहेर मांडल्या. मग हंबीररावांचा आवाज फुटला. "देशी? माज्या घरात देशी? आवं, मला गोळी घाला, पर देशीचं नाव माज्या घराला लावू नका!" एरवी कुणीही हसलं असतं. त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही. संयोगिता गोठ्याच्या दाराला धरून उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. दारू बंद करायला निघालेल्या बाईच्याच घरात दारू. गुन्हा नोंदला तर नवऱ्याला सीमेवर काय वाटेल, गाव काय म्हणेल, आणि शेडमध्ये उद्यापासून कोण बसेल, हे सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं.

सुगराबीच्या डोक्यात मात्र ती किणकिण परत वाजली. पाटी तर उंबऱ्याबाहेर होती. गोठ्यात काच कुठून वाजली?

"धुळा," ती म्हणाली, "जर्किन काढ."

धुळानं काढलं. खिसे रिकामे. रिकामेच असणार होते.

"मॅडम," सुगराबी म्हणाली, "ह्येची झडती मी घेतली न्हाई. ह्यो आत गेला तवा मला काच वाजल्याली ऐकू आली. मला वाटलं, माज्याच बांगड्या."

मॅडम तिच्या जवळ आल्या. "मावशी, नीट आठवून सांगा. ह्यानं बाटल्या ठेवताना तुम्ही पाहिलं?"

हंबीरराव मध्येच ओरडले, "सांग की सुगरा, बघितलं म्हून! तुज्या एका शब्दावर माज्या सुनेचं नाव ऱ्हातंय!"

संयोगिता नुसती बघत राहिली. सुगराबीला ते बघणं सहन होईना. एक शब्द. "व्हय" म्हणायला किती वेळ लागतो? आणि ती खोटंही बोलली नसती, तिच्या मनाला तर पक्कं ठाऊक होतं. पण मनाला ठाऊक असणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. पंच डोळ्यांचा असतो. आज धुळासाठी न बघितलेलं बघितलं म्हणाली, तर उद्या कुणाच्याही घरात कुणीही काहीही बघितलं म्हणेल.

"न्हाई," ती म्हणाली. "बघितलं न्हाई. ऐकलं. त्येबी नीट समजलं न्हाई." तिनं मॅडमच्या हातातल्या कागदाकडं बोट केलं. "चूक माजी हाय. परक्यांचं खिसं बघितलं आनि गावातला म्हून ह्येला सोडला. ही बांगडी माज्या हातात पिचलीया, मॅडम. ती हिच्या नावावर घालू नका. लिवा. धुळाची झडती न घेता त्येला आत सोडला, आनि सोडनारी सुगराबी मणेर, असं लिवा. मी सही करते."

"असं लिहिलं तर तुमच्यावर ठपका येईल, मावशी. पुढं पंच म्हणून तुम्हाला कोण विचारणार नाही कदाचित."

"न्हाई इचारलं तर न्हाई."

मॅडमनी जसंच्या तसं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि सुगराबीनं सही केली. बाटल्या जप्त झाल्या. संयोगिताला अटक झाली नाही, चौकशी चालू राहील असं सांगून पोलीस गेले.

कागदानं पोरगी वाचली, पण गावाच्या तोंडातून नाही. अर्धं गाव म्हणालं, धुळानं ठेवल्या. अर्धं म्हणालं, आग असल्याशिवाय कोण कशाला बोंबलेल. हात करून जाणाऱ्या बाया आता मान खाली घालून जाऊ लागल्या. भाऊसोची गाडी परत शेडला लागली. शेडमध्ये परत ग्लास वाजू लागले आणि तिथून जाणाऱ्या बायांना ऐकू जाईल असं कुणीतरी म्हणू लागलं, "जिच्या घरात झडती झाली तिनं आमाला शिकवायचं व्हय!" मुली परत कालव्याच्या चिखलातून येऊ लागल्या.

इमामनं आईला फैलावर घेतलं. "अम्मी, तुला कोण सांगतंय हे? तिकडं पोलीस नाराज, इकडं गाव नाराज. दुकानात बस की गप."

सुगराबी दुकानात बसली नाही. ती संयोगिताकडं गेली. "पोरी, तुजं नाव माज्या हातनं पिचलंय. भरून दिल्याबिगर मी मरायची न्हाई."

"मावशी, तुमी त्या दिशी खोटं बोलला असता तरबी मी तुमाला काय म्हनले नसते," संयोगिता म्हणाली. "पर बरं झालं, न्हाई बोलला." आणि ती रडली. त्या पोरीला रडताना सुगराबीनं पहिल्यांदा बघितलं. गोठ्यातून हंबीररावांचा आवाज आला. ते म्हशीला सांगत होते, "रडू नको म्हनावं तिला."

पुढं फार दिवस गेले नाहीत. मॅडमच्या माणसांनी शेडमध्ये एकाला चपटीसकट धरला. पलूसच्या ठाण्यात त्यानं माल कुठून घेतला ते सांगितलं आणि गाडी भाऊसोच्या घराकडं वळली. वाटेत मॅडम इमामच्या दुकानाशी थांबल्या. सुगराबी तिथं माल घ्यायला आली होती.

"मावशी, पंच पाहिजे."

"मी?" सुगराबी बघतच राहिली. "मॅडम, माज्या हातनं चूक झालीया. तुमीच लिवलंय."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "चूक झाली तर लिहायला लावणारा पंच मला दुसरा माहीत नाही."

इमामनं तोंड उघडलं, आईकडं बघितलं आणि पाटी उचलून तिच्या डोक्यावर दिली.

भाऊसोचं घर गावाच्या कडेला. पोलीस पोचेपर्यंत अर्धं गाव रस्त्यावर आलं होतं. संयोगिता होती, हंबीरराव होते, मागं धुळाही होता, पण यावेळी अंगावर जर्किन नव्हतं. भाऊसो अंगणात उभा राहून "माज्यावर सूड उगवायला लागल्याती" असं ओरडत होता. दारात त्याची बायको शालूबाई दोन्ही हात चौकटीला लावून उभी होती. सुगराबीला बघून ती किंचाळली.

"तू व्हय! आता आमच्या घरात काय घालायला आलीस?"

शालूबाईच्या डोळ्यांत जे होतं ते सुगराबीनं ओळखलं. त्या दिवशी गोठ्याच्या दारात संयोगिताच्या डोळ्यांत होतं, तेच. घर कुणाचंही असो, झडतीच्या दिवशी उंबऱ्यातल्या बाईची भीती एकच असते.

सुगराबीनं पाटी खाली ठेवली. वरचं फडकं काढलं. हिरव्या, लाल, पिवळ्या बांगड्यांच्या माळा एकेक करून उंबऱ्यावर मांडल्या. पाटी उलटी करून झटकली. मग पदर खांद्यावरून पुढं घेतला, कमरेची पिशवी सोडून हातात दिली, दोन्ही हात लांब केले आणि म्हणाली, "शालू, आधी माजी झडती घे."

"म्हंजे?"

"म्हंजे बघ. मी तुज्या घरात काय घेऊन चालले न्हाई, ह्ये तुज्या हातानं बघ. मग ह्या मॅडमची बघ, हवालदाराची तुज्या मालकाला बघू दे. दुसऱ्या पंचाचीबी. ह्या डावाला मी कुनालाच सोडनार न्हाई."

तेवढ्यात हंबीरराव मिशा पिळत पुढं सरसावले. "मीबी आत येतो. बघू दे जरा, कुनाच्या घरात काय हाय ते."

"हंबीरदादा, तुमी भायेर," सुगराबीनं त्यांना तिथंच अडवलं. "लढाई न्हाई ही. संयोगिता, तूबी लांब हुबी ऱ्हा."

लष्करात कुणाचं ऐकलं नसेल, पण हंबीरराव मागं सरकले.

शालूबाईनं सुगराबीचे दंड चाचपले, कमर चाचपली. मग तिचे हात धरले. जन्मभर दुसऱ्यांचे हात धरून बांगड्या भरणाऱ्या बाईचे हात त्या दिवशी कुणीतरी धरले होते. ते हात शालूबाईनं सोडले नाहीत. ती एकदम खाली वाकून सुगराबीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

"मला नगं सांगू," सुगराबी म्हणाली. "मॅडमला सांग. आनि मोठ्यानं सांग. पुटपुटल्यालं मागल्या टायमाला मला नीट समजलं न्हवतं."

शालूबाईनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. भाऊसो ओरडला, "शाले, गप बस!" तशी तिनं मान वळवली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाली.

"पेंडीच्या पोत्यामागं हायती, मॅडम. खोकीच्या खोकी. रोज माज्या पोरांच्या उशापाशी असत्यात. आनि त्यातल्याच तीन ह्येनी धुळाच्या जर्किनात घातल्या हुत्या. संयोगिताच्या गोठ्यात टाकायला. मी माज्या डोळ्यांनी बघितलंय. माज्या घरात बघितलंय."

धुळा तिथंच मटकन खाली बसला. त्यानं नाकारलंही नाही.

पोलिसांनी आत जाऊन खोकी बाहेर काढली, मोजली, लिहिली. भाऊसो गाडीत बसला, पाठोपाठ धुळा. जाताना मॅडम संयोगितापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या घरातल्या बाटल्या कुणाच्या होत्या, ते आता सगळ्या गावानं ऐकलं आहे." हंबीरराव खाकरले. कितीतरी दिवसांनी त्यांनी म्हशीला मध्ये न घेता तोंड उघडलं.

"सूनबाई, चल घरला. आज च्या मी टाकतो."

"जावा तुमी फुडं, आबा," संयोगिता म्हणाली. "मी आले."

कारण शालूबाई उंबऱ्यातच बसली होती. गाडी गेली, गर्दी पांगली, आणि ती एकटीच तिथं, भोवती बांगड्यांच्या माळा. नवऱ्याला आपल्याच तोंडानं धरून दिलेली बाई. उद्या तिच्याकडं कोण कसं बघेल, चूल कशी पेटेल, हे तिला ठाऊक नव्हतं. संयोगिता तिच्या शेजारी जाऊन बसली आणि माळा उचलून पाटीत भरायला लागली. रस्त्यावरून अजून दोघी आल्या. सुगराबी समोर बसली.

शालूबाईचा एक हात मोकळाच होता. बोलता बोलता चौकटीवर आपटून त्यातल्या बांगड्या कधी गेल्या, ते तिलाही कळलं नव्हतं. सुगराबीनं तो हात ओढून आपल्या गुडघ्यावर घेतला, बोटं दाबून पंजा लहान केला आणि हिरवी बांगडी चढवायला लागली. हात गार पडून ताठला होता. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली आणि कट्कन पिचली.

शालूबाई दचकली. डोळे भरून म्हणाली, "मावशी, माज्यामुळं..."

"तुज्यामुळं न्हाई," सुगराबी म्हणाली. "माज्या हातात पिचली, माजी." आणि तिनं पाटीतून दुसरी घेतली.